अडीनडीला जायचं कुणाकडे? वाडीत आधाराची घडी बसवण्याची रीत

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी आमच्या वाडीतला एक मुलगा जेवायला घरी आलाच नाही. धक्क्यावर एक मावशी आगोटीची बेगमी म्हणून वाळत घातलेली सुकट गोळा करत होती. तिला तो जाळ्यांच्या ढिगाऱ्याआड बसलेला दिसला. तिने काही विचारलं नाही. "धर रे जरा हे टोक," म्हणाली आणि ताडपत्रीचा कोपरा त्याच्या हातात दिला. दोघांनी मिळून सुकट भरली, ताडपत्री झटकली, घडी घातली. तोवर अर्धा तास गेला होता. मग त्याने सांगितलं, दोन विषय राहिलेत आणि घरी जायची हिंमत नाही. मावशीने त्याला आपल्या पडवीत बसवून पेज वाढली आणि स्वतः त्याच्या आईकडे गेली.

त्या दिवशी काही वाईट घडलं नाही ते त्या मावशीमुळे. पण जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते हे तिला ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या मोफत नंबरवर रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं हे तर वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या कोकण मंडळाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात सर्वांत वर असतो. त्याचा अभिमान मलाही आहे. पण जिथे बहुतेक सगळेच पास होतात, तिथे नापास झालेलं मूल फार एकटं पडतं.

मदत आहे. सरकारी आहे, संस्थांची आहे, शेजाऱ्यांच्या मनात तर भरपूर आहे. ती वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवणारा दुवा मात्र नसतो, आणि तो वाडीलाच बांधावा लागतो. आम्ही तो कसा बांधला, काय चुकलं आणि काय टिकलं, ते क्रमाने सांगते. मोठा निधी लागत नाही. चार माणसं आणि एक वही पुरते.

पहिली पायरी: वाडी फिरून वही भरा

दोघांनी मिळून फिरा. एक पोक्त बाई आणि एक विशी-बाविशीतलं कुणीतरी. बाईमुळे स्वयंपाकघरापर्यंत बोलणं पोचतं, आणि तरुण सोबत असला की घरातली मुलंही बाहेर येतात.

वहीत कोण येईल? एकटे राहणारे म्हातारे, ज्यांची मुलं मुंबईला आहेत. आई-वडील मुंबईला आणि स्वतः आजी-आजोबांकडे, अशी शाळकरी मुलं. कोकणात ही घरं भरपूर. अंथरुणाला खिळलेलं माणूस, दिव्यांग व्यक्ती, गरोदर बाई, नवऱ्यामागे एकटीने घर चालवणारी बाई. आणि एक गट हमखास राहून जातो: आंब्याच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं आणि होड्यांवरचे बाहेरगावचे खलाशी. त्यांचं रेशनकार्ड इथलं नसेल, पण त्यांची मुलं आपल्याच पाणंदीने शाळेत जातात. ती शेजारीच आहेत. त्यांची पानं आधी भरा.

प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारा. "रात्री दोनला गरज पडली तर पहिला फोन कुणाला कराल?" आणि "तुम्हाला दुसऱ्यासाठी काय करता येईल?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून आम्ही चकित झालो. कुणी म्हणालं माझी रिक्षा कधीही न्या, कुणी अर्ज लिहून देतो, कुणाला हिंदी चांगलं येतं, कुणी रक्तगट लिहून घ्या म्हणालं. ज्या आजींची नोंद आम्ही 'मदत लागेल' म्हणून करायला गेलो होतो, त्यांनी दहावीच्या मुलींना संध्याकाळी आपल्या ओटीवर अभ्यासाला जागा दिली.

कुणाचा आजार, घरातलं भांडण, कुणाच्या व्यसनाची गोष्ट वहीत लिहू नका. वही एका घरी कुलपात राहील आणि ती कुठे आहे हे तिघांनाच माहीत असेल, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. एकदा बभ्रा झाला की लोक पुन्हा तोंड उघडत नाहीत.

दुसरी पायरी: आपल्याच गावात कोण काय करतं ते जाणून घ्या

आशाताई म्हणजे फक्त लस आणि बाळंतपण, असा समज आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४पासून चालू आहे. बऱ्याच ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. पाळी, पुरळ, वजन, व्यसन, मनावरचा ताण, कशावरही तिथे समुपदेशकाशी बोलता येतं. आपल्या जवळचं मैत्री क्लिनिक कोणत्या वारी उघडं असतं, ते आशाताईंकडून विचारून घ्या आणि तो वार लिहून ठेवा. दुसऱ्याच वारी गेलेलं पोर हेलपाटा पडला की परत जात नाही.

अंगणवाडी सेविका आणि सरपंच गावच्या बाल संरक्षण समितीत असतात. बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते. ग्रामपंचायतीत जाऊन तिच्या सदस्यांची यादी मागा. गावात बालविवाह थांबवण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर (पूर्वीचे ग्रामसेवक) आहे. पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, उपकेंद्राच्या परिचारिका, एवढ्यांना एकदा समक्ष भेटा. फोनवरची ओळख अडचणीच्या वेळी पुरत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. रत्नागिरीला तर राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. त्या नावानेच आपल्याकडे माणसं दचकतात, "तिथे नेलं म्हणजे शिक्का बसला" म्हणतात. झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या मुलाला तिथे तपासून आणणं आणि ताप आलेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणं, यात फरक नाही. हे वाडीतल्या वजनदार माणसाने चारचौघांत बोलून दाखवावं. आमच्याकडे भजनीबुवांनी बोलून दाखवलं, आणि त्यांच्या शब्दाने जे झालं ते पत्रकांनी झालं नव्हतं.

तिसरी पायरी: एक कागद

मोबाइलमध्ये सगळं आहे, मग कागद कशाला, असं मुलं विचारतात. ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं, आणि मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावांत दिवसच्या दिवस ना वीज होती ना नेटवर्क. तेव्हा कामाला आले ते भिंतीवरचे कागद आणि पायी चालत जाणारी माणसं.

कागदावर हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: ११२ तातडीच्या कोणत्याही प्रसंगासाठी, १०८ रुग्णवाहिका, १०२ गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी. १०९८ अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी. १८१ महिलांसाठी. १४४१६ टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठी, चोवीस तास, मोफत. १४५६७ ज्येष्ठांसाठी, सकाळी आठ ते रात्री आठ. १९३० ऑनलाइन फसवणुकीसाठी. पैसे गेले की तासाभरात केलेला फोन ते अडवायला उपयोगी पडतो, म्हणून लाजत बसू नका. १५१०० मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी. महिला आणि मुलांना वकिलाची मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. आणि किनाऱ्यावरच्या घरांसाठी १५५४, तटरक्षक दल, समुद्रात होडी अडकली तर.

खाली गावातले नंबर: आशाताई, पोलीस पाटील, रात्री येणारा रिक्षावाला, आरोग्य केंद्राचा थेट फोन. रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत वेळ जातो, तोवर रिक्षाच धावते. कुणाचाही खासगी नंबर त्याला विचारूनच छापा.

आमचा पहिला कागद पहिल्याच पावसात फुगला. चिकटपट्टी सुटली आणि कोपऱ्यातून पाणी शिरून अक्षरं वाहून गेली. आता आम्ही चारही बाजूंनी बोटभर कडा सोडून लॅमिनेशन करून घेतो आणि लाकडी पट्टी लावून खिळ्याने ठोकतो. पागोळ्यांपासून हातभर आत. जागा: किराणा दुकान, वस्तीची एसटी थांबते तो शेड, पिठाची गिरणी, शाळा. एक कागद बायकांच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी हवाच, म्हणून आम्ही बोअरिंगच्या पंपाशेजारी लावला. पुरुष तिथे फारसे रेंगाळत नाहीत, त्यामुळे १८१ नंबर निवांत पाठ करता येतो.

चौथी पायरी: जागा आणि वार ठरवा

देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पंखे असतात, सतरंज्या असतात. आम्हीही पहिल्या दोन बैठका तिथेच घेतल्या. दुसऱ्या बैठकीला सातजणी मुली कमी आल्या. का, ते एकीने नंतर हळूच सांगितलं: पाळी असली की त्या देवळाची पायरी चढत नाहीत. मोहल्ल्यातली मुलं आली नव्हती, बौद्धवाडीतली दोनच आली होती. कुणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. जागेनेच म्हटलं होतं. तेव्हापासून बैठक शाळेच्या वर्गात होते. हा या साऱ्या खटाटोपातला सर्वांत मोठा धडा मानते. ज्याला यायला संकोच वाटेल त्याच्या पायांनी जागा निवडा.

महिन्यातून एकदा, ठरलेला वार. आमचा दुसरा रविवार, दुपारी चार. बैठक फार लांबवू नका, लोकांना कामं असतात. वेळ एसटीशी जुळवून घ्या: शेवटच्या गाडीने परत जाता यायला हवं.

आणि वर्षाचं गणित कोकणाचंच हवं. शहरातल्या संस्थेचं वेळापत्रक इथे लावलं तर रिकामा वर्ग मिळेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोळीवाड्यातले बाप एरवी भेटत नाहीत ते तेव्हा घरी असतात. व्यसन, कर्ज, मुलांचं शिक्षण हे विषय त्या दोन महिन्यांत घ्या. लावणीच्या दिवसांत शेतकरी घरांना बोलावू नका. गणपतीत चाकरमानी येतात. त्यात कुणी नर्स असते, कुणी बँकेत, कुणी गोदीत. त्यांना आरतीनंतर तासभर दहावी-बारावीच्या मुलांसमोर बसवा. भाषण नको, "तू इथून तिथे कसा गेलास" एवढंच सांगायचं, भाड्याच्या खोलीपासून पगारापर्यंत. भातकापणी उरकली की थंडीचे महिने मोकळे, आरोग्य तपासणी तेव्हा. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. शिमग्यात पालखी घरोघर जाते. पालखीबरोबर फिरणाऱ्यांना सांगून ठेवा की एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जरा थांबा, औषधं संपली का विचारा. मे महिन्यात पुन्हा चाकरमानी, आणि पावसाची तयारी.

शाळा सुरू होण्याआधीचा एक रविवार दाखल्यांसाठी ठेवा. जात, उत्पन्न, रहिवास, बँक खातं. ज्या मुलांचे आई-वडील दोघे किंवा एक हयात नाही, त्यांना बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. कित्येक घरं केवळ अर्ज न केल्यामुळे वंचित आहेत. लिहिता-वाचता येणारी तीन मुलं टेबलावर बसवली तर एका दुपारी पंधरा अर्ज होतात.

पाचवी पायरी: मुलांचं मुलांना करू द्या

मोठ्यांनी समोर बसून उपदेश केला की मुलं माना हलवतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. आमच्याकडे पहिला तास खेळ किंवा जाखडी नाचाचा सराव असतो. घामाघूम झालेलं मूल बोलतं. त्यानंतर एक प्रश्नपेटी उघडतात. पुठ्ठ्याचा खोका, वर फट, नाव लिहायचं नाही. पेटी आशाताईंच्या पडवीत असते, कारण तिथे जायला सगळ्यांना काही ना काही कारण असतं आणि कुणी बघितलं तरी वावगं वाटत नाही. पहिले दोन महिने पेटी रिकामी होती. तिसऱ्या महिन्यात वहीचा चतकोर कागद निघाला: "माझे फोटो एकाने काढलेत. तो पाठवीन म्हणतो." अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं होतं.

पेटी उघडणाऱ्या ताईने ते मोठ्याने वाचलं नाही. तिने सगळ्यांसमोर फक्त एवढं सांगितलं, की असं कुणाच्या बाबतीत झालं तर चूक फोटो असलेल्याची नसते, धमकी देणाऱ्याची असते. मेसेज पुसू नका, पैसे देऊ नका, १९३० आणि १०९८ आहेत, आणि मी बैठकीनंतर विहिरीपाशी थांबणार आहे. त्या संध्याकाळी मुलगी विहिरीपाशी आली.

मुलींसाठी वेगळा तास ठेवा, आणि मुलग्यांसाठीही. मुलग्यांच्या मनाचं बोलणं कुणी काढतच नाही. दर सहा महिन्यांनी बैठक चालवणारे दोघं बदला.

बाहेरच्या जगाशीही मुलांना जोडून द्या. वेळासला समुद्री कासवांचं संवर्धन गावानेच उचलून धरलं आणि त्यातून गावात पाहुणे येऊ लागले; थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावर पिल्लं समुद्रात सोडताना बघणं हा किशोरवयीन मुलांसाठी मोठा अनुभव. माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची-तरुणांची शिबिरं होतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८पासून आहे. जाऊन यायला एसटी पुरते, आणि ग्रामीण शाळकरी मुलींना शाळेचा पास मोफत आहे हेही घरोघरी सांगा. पासासाठी पैसे नाहीत म्हणून कुणी शाळा सोडता कामा नये.

सहावी पायरी: मूल काही सांगू लागलं तर

ही पायरी नीट वाचा, कारण इथे चांगल्या मनाची माणसंही चुकतात.

मूल बोलू लागलं की हातातलं काम थांबवू नका, एकदम तोंडाकडे टक लावून बसू नका. त्या मावशीची ताडपत्री आठवा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय वाडीत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत आणीन," एवढंच खरं आहे, तेवढंच बोला.

जगणं नको असं कुणी म्हणालं, तर सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट ओझं उतरतं. मग त्याला एकटं सोडू नका. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसा. आंब्याच्या फवारणीची औषधं कोकणातल्या घराघरांत पडवीत उघड्यावर असतात. ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. खरं तर ती बारमाही कुलपातच हवीत. काही करून बसलं असेल तर १०८, आणि वेळ न घालवता रुग्णालय. पोलिसांच्या भीतीने घरं दडवून ठेवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे शिक्षेच्या नव्हे, तर उपचाराच्या नजरेने बघायला सांगितलं आहे.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर ती वाडीच्या बैठकीत, गावकीत किंवा तंटामुक्त समितीत न्यायची नाही. बांधाचे वाद, वहिवाटीची भांडणं तिथे मिटवावीत, ही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत २०१२च्या पॉक्सो कायद्याने माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन घातलं आहे, आणि मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. १०९८ किंवा पोलीस. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. "घराण्याचं नाव" हा शब्द कुणी काढला तर त्याला तिथेच थांबवा. मी थांबवलं आहे, आणि दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. ते चालेल.

सातवी पायरी: ग्रामसभेत ठराव

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात, आणि त्याआधी महिलांची सभा. महिला सभेत ठराव आधी मंजूर करून घ्या, मग ग्रामसभेत तो नाकारणं जड जातं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मागणी नेमकी ठेवा: वर्गाची किल्ली दुसऱ्या रविवारी, दोन ट्यूबलाइट, कॅरमबोर्ड, लॅमिनेशनचा खर्च. "युवकांसाठी काहीतरी करा" असं म्हटलं की काहीच होत नाही. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडून वह्या येतातच. त्यांना या वर्षी वह्यांऐवजी मुलींच्या ओटीवरच्या अभ्यासवर्गासाठी इन्व्हर्टर मागा.

मे महिन्याच्या मध्यावर

२२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी चढलं आणि त्याच दिवशी महाडमधल्या तळियेवर दरड आली. तेव्हापासून आम्ही पावसाआधी वही घेऊन पुन्हा फिरतो. डोंगराच्या पायथ्याची आणि पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, घरं कोणती, त्यांनी रात्री कोणाकडे यायचं, घरातलं म्हातारं माणूस कोण उचलणार, हे नावानिशी ठरवतो. दोन मोठी मुलं प्रत्येक एकट्या म्हाताऱ्याला वाटून दिलेली असतात. त्यांनी रोज शाळेतून येताना एक हाक मारायची: "आजी, हाय की नाय?" आतून उत्तर आलं की पुढे जायचं.

त्याच फेरीत भिंतीवरचे कागद काढतो. आशाताई बदलल्या असतील, रिक्षावाल्याचा नंबर बदललेला असेल. गावातला प्रत्येक नंबर लावून बघतो. ११२ आणि १०८ उगाच लावू नका, त्या लाइनी मोकळ्या राहायला हव्यात. नवा कागद लावला की उजव्या कोपऱ्यात तारीख घालतो, फोटो काढून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवतो, आणि जुना कागद बागेतल्या खोपटीत नेऊन लावतो. नंबर तपासूनच, आणि वर नेपाळी मुलाकडून त्याच्या भाषेत दोन ओळी लिहून घेऊन.